गाईचे पोट आणि यंत्राचे पोट

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना अलीकडे एका गोष्टीचा मोठा अभिमान वाटू लागला आहे, आणि तो अनाठायी आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. मुरार भागात लाल टिपारा येथे महानगरपालिकेची आदर्श गोशाळा आहे. तेथे शेणापासून इंधन तयार करणारा कारखाना इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या साहाय्याने उभा राहिला आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीहून त्याचे लोकार्पण केले. खर्च सुमारे ३१ कोटी रुपये. गोशाळेत जनावरे दहा हजारांच्या घरात. रोज १०० टन शेण पचवावे, त्यातून दोन ते तीन टन शुद्ध गॅस काढावा आणि दहा ते पंधरा टन कोरडे खत शेतकऱ्यास द्यावे, एवढी त्याची क्षमता. भाकड गाय म्हणजे ओझे, असे म्हणणाऱ्यांस यापेक्षा चोख उत्तर ते कोणते द्यावयाचे?

आमच्या ओळखीचे अनेक सद्गृहस्थ या गोशाळेस वर्षासणी देतात. पाहुणे आले की त्यांस दर्शनास नेतात, आणि परत येताना मोठ्या समाधानाने म्हणतात, "पाहिलेत? आपल्या धर्मात जे सांगितले तेच आज विज्ञान करून दाखवीत आहे." आम्ही मान डोलवितो. परंतु त्याच सद्गृहस्थांच्या घरून सकाळी जी पिशवी खाली जाते तिच्याकडे पाहिले की ही मान थांबते. त्या प्लास्टिकच्या पिशवीत कालचा भात असतो, भाजीची देठे असतात, देवावरची उतरलेली फुले असतात, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या असतात, फुटलेला काचेचा पेला असतो, आणि वर घट्ट गाठ असते. गाठ मारली की आपले कर्तव्य संपले, अशी त्यांची समजूत. आमचा सारा वाद या गाठीशी आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते समजून घेऊ; कारण ज्याचा अभिमान बाळगावयाचा त्याची ओळख असावी. हवा शिरू न देता एका मोठ्या टाकीत शेण व पाणी कालवून ठेवले म्हणजे काही सूक्ष्म जीव प्रथम त्याचे आम्ल करतात आणि दुसरे सूक्ष्म जीव त्या आम्लाचा वायू करतात. या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, उरलेला बहुतांशी कर्बद्विप्राणील. तो धुऊन काढला की मिथेन चुलीस आणि मोटारीसही चालतो. टाकीत जो चोथा उरतो त्यात नत्र कायम असते, म्हणून ते उत्तम खत. यात नवलाची गोष्ट ही की, हे सूक्ष्म जीव कोणा शास्त्रज्ञाने निर्माण केलेले नाहीत. ते गाईच्या पोटातच असतात. गाय गवत खाते, पण ते पचवितात हे जीव. शेणाबरोबर तेच टाकीत येतात आणि तेथे तेच काम पुढे चालू ठेवतात. म्हणजे लाल टिपाऱ्याची ती लोखंडी टाकी ही यंत्ररूपाने उभी राहिलेली गाईची पोटाची पिशवीच होय. ही उपमा म्हणून आम्ही सांगत नाही. वस्तुस्थितीच अशी आहे.

मग जे गाईच्या पोटास मारक, ते या पोटासही मारक, हे ओघानेच आले. रस्त्यावरची गाय गाठ सोडू शकत नाही. तिला आतल्या भाताचा वास येतो आणि ती पिशवीसकट गिळते. रवंथ करणारे जनावर आधी गिळते आणि मग सावकाश चावते. प्लास्टिक पचतही नाही आणि पुढे सरकतही नाही. ते पहिल्या पोटात साठत राहते, तेथे दोरासारखे वळते, आणि एके दिवशी गाय भरल्या पोटी उपासाने मरते. गुरांच्या डॉक्टरांनी अशा गाईंची पोटे फाडून कित्येक किलो पिशव्या बाहेर काढल्या आहेत. त्या पिशव्या कोणी गोवधाच्या हेतूने टाकल्या नव्हत्या. पुष्कळदा टाकणाऱ्याने पुण्य म्हणूनच टाकल्या होत्या: 'अन्न वाया जाऊ नये, गाईच्या मुखी लागावे.' गोग्रास घालावा असे शास्त्र सांगते. तो पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकावा असे कोठल्याही शास्त्रात नाही. गोरक्षणाच्या सभेत टाळ्या वाजविणारा हात आणि ही गाठ मारणारा हात एकच असेल, तर आपण गोभक्त आहोत की काय आहोत, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता दुसरा हिशेब. लाल टिपाऱ्याच्या योजनेत शेणाबरोबर भाजीमंडईतील व घरांतील ओला कचरा घेण्याचीही सोय धरलेली आहे. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची वस्ती दहा लाखांवर होती. माणशी रोज अवघा पावशेरही नव्हे, दोनशे ग्रॅम ओला कचरा निघतो असे धरून चला. दहा लाख माणसांचा तो २०० टन होतो. म्हणजे दहा हजार गाईंची गोशाळा जेवढे शेण देते त्याच्या दुप्पट माल या शहराची स्वयंपाकघरे रोज देऊ शकतात. पुन्हा, शेण म्हणजे गाईने आपले पोषण काढून घेतल्यावर उरलेला अंश. भात-पोळीत ते पोषण अद्याप शिल्लक असते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हाच विचार पुढे नेला. त्यांचे म्हणणे असे की, या सूक्ष्म जीवांस शेण कशाला, खरकटे पीठ-भात द्यावा. गॅस कितीतरी अधिक मिळतो, आणि जेथे शेणास आठवडे लागतात तेथे याचे काम दिवसांत होते. घराच्या गच्चीवर मावेल असे त्यांचे लहान संयंत्र २००६ साली इंग्लंडातील ॲशडेन पारितोषिकास पात्र ठरले. मुंबईस भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचे संयंत्र रचले तेही स्वयंपाकघरातील कचऱ्यासाठीच. कल्पना आपल्यातल्याच माणसांनी मांडल्या, सिद्ध करून दाखविल्या. अडले आहे ते आपल्या ओट्याजवळ.

येथे आम्हांस तीन उत्तरे हमखास ऐकू येतात. ती एकेक घेऊ.

पहिले उत्तर: "अहो, आपण पालिकेला कर भरतो, निवडण्याचे काम तिचे." हे बोलणारे गृहस्थ व्यवहारी असतात, म्हणून त्यांस व्यवहारच विचारू. देठे एका भांड्यात आणि काच दुसऱ्या भांड्यात टाकण्यास ओट्याजवळ किती वेळ लागतो? क्षणभर. तेच एकदा गाठीत मिसळले, गाडीत चेपले, केदारपूरच्या ढिगावर आठ दिवस कुजले, की मग निवडण्यास किती वेळ लागेल? ते निवडणे शक्यच नसते. आणि जेवढे शक्य असते तेवढे यंत्र करीत नाही, माणूस करतो. कोणाचा हात त्या काचेत जातो? ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच काम लादले, बहुधा त्यांच्याच नातवंडांचा. कर भरल्याने कुणाच्या हातास काच लावण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओले व सुके घरीच वेगळे करणे प्रत्येक गृहस्थास बंधनकारक केले. तेव्हा हे काम पालिकेचे, असे म्हणणे धर्मास सोडून आहेच, कायद्यासही सोडून आहे.

कोंकणातले सीताराम पुरुषोत्तम उपाख्य अप्पा पटवर्धन यांचे नाव आपल्या वाचकांस ठाऊक असेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या ब्राह्मणाने भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण आरंभिले होते. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रम काढून त्यांनी मैल्याचे निर्मळ खत होईल असे संडास बांधले आणि बांधविले. लोक त्यांस 'कोंकणचे गांधी' म्हणत व पाया पडत. पण घरी जाऊन त्यांचे अनुकरण करीत नसत. पाया पडणे सोपे असते. आम्ही आज कोणास मैला उचलावयास सांगत नाही. दोन भांडी ठेवा, एवढेच सांगतो.

दुसरे उत्तर अधिक नाजूक आहे, कारण ते सोवळ्याच्या नावाने येते. "उष्टे-खरकटे साठवून ठेवावयाचे? देवघर असलेल्या घरात?" या आक्षेपात केवळ आळस नाही, संस्कार आहे, म्हणून त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण थोडे मागे पाहू. ज्या आजीकडून हे सोवळे आपण शिकलो तिच्या घरात काहीच फेकले जात नव्हते. तांदुळाचे धुवण म्हशीच्या आंबोणात जाई, केळीची साल गोठ्यात, राख भांडी घासण्यास, निर्माल्य तुळशीच्या किंवा माडाच्या मुळाशी, आणि उरले ते परसातल्या शेणकीत. ओवळे म्हणून ज्यास हात लावू नये असे म्हटले त्याची शेवटची जागा कोणती, हे तिला नेमके ठाऊक होते. आपण तिचे 'शिवू नको' तेवढे घेतले आणि तिची शेणकी सोडून दिली. सोवळ्याचा अर्धा भाग पाळला तर त्याचे सोवळे होत नाही, नुसता विटाळ होतो. आणि तोही दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकलेला.

शेण पवित्र आणि भाजीचे देठ अपवित्र, ही वाटणीही टाकीतल्या जीवांस ठाऊक नाही. मुंबईत माटुंग्याच्या निराधार कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून त्यावर दिवे लावण्यात आले. पुढे १९०७ साली त्यावर इंजिनही चालले. ज्यांची सावली समाजास नको होती त्यांच्या मैल्याने दिवे लावले आणि प्रकाशास काही विटाळ झाला नाही. अग्नीस आपण 'पावक' म्हणतो ते उगाच नव्हे. तरीही ज्यांच्या मनास शंका उरेल त्यांनी तो गॅस नैवेद्यास लावू नये, भक्तमंडळींच्या चहास लावावा. चहाबद्दल स्मृतिकारांनी काही म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तिसरे उत्तर निराशेचे: "आपल्या देशात हे होणे नाही." ग्वाल्हेरकरांनी हे म्हणावे याचे आम्हांस विशेष वाईट वाटते, कारण उत्तर शिंद्यांच्या राजधानीपासून होळकरांच्या राजधानीपर्यंत जाऊन पाहून यावे, एवढेच आहे. इंदुरास देवगुराडिया येथे, जेथे महादेवाचे पुरातन देवालय आहे, त्याच गावच्या कचराभूमीवर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्याच्या गॅसचा कारखाना सुरू झाला. क्षमता रोज ५५० टन. गॅस रोज सुमारे १७,००० किलो. खत १०० टन. आणि त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या चालाव्यात अशी योजना. हे कोणा चमत्काराने झाले नाही. त्याआधी कित्येक वर्षे घरोघरच्या बायकांनी ओले निराळे व सुके निराळे केले. गाडीवाल्याने मिसळलेली बादली परत केली. त्यावरून भांडणे झाली, दंड झाले, आणि मग सवय झाली. आधी सवय, मग कारखाना.

उलट क्रम कसा फसतो ते लखनौने दाखविले. तेथे २००३ साली असाच मोठा कारखाना उभारला होता. त्यास निवडलेला ओला कचरा हवा होता. आला तो मिसळलेला, मातीने व प्लास्टिकने भरलेला. यंत्राचे पोट बिघडले आणि कारखाना बंद पडला. गाईस झाले तेच यंत्रास झाले. कारण एकच, गाठ एकच.

म्हणून आमचा वाद केवळ आळशी लोकांशी नाही; उत्साही लोकांशीही आहे. "यंत्र आले, आता प्रश्न मिटला" असे जे म्हणतात ते निराशावाद्यांपेक्षा अधिक नुकसान करतात, कारण त्यांचे ऐकून लोक निश्चिंत होतात. आम्हांस खोटी आशा दाखवावयाची नाही. इंदूरच्या क्षमतेवरून हिशेब केला तर एक टन ओल्या कचऱ्यास सुमारे तीस किलो गॅस पडतो. पाच माणसांच्या घरचा रोजचा किलोभर कचरा म्हणजे तीस ग्रॅम. वर्षाकाठी अकरा किलोच्या आसपास. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे वर्षभर देठे-साली निवडून ठेवणाऱ्या गृहिणीस एक सिलिंडरही पुरता मिळत नाही! एवढ्यासाठी कोण खटाटोप करील, असे कोणी विचारले तर आम्ही रागावणार नाही. पण ग्वाल्हेरचे ते २०० टन एकत्र आले तर रोज सहा टन गॅस होतो. म्हणजे दररोज चारशेहून अधिक सिलिंडरांचे इंधन. एकट्यास जे नगण्य ते समाजास विपुल. ज्यात आपला फायदा शून्यवत् आणि सर्वांचा मोठा, अशा कामासच तर आपले पूर्वज यज्ञ म्हणत आले. वैश्वदेवात काकबळी ठेवणारा गृहस्थ कावळ्याकडून व्याजाची अपेक्षा करीत नव्हता.

आणि न केल्यास काय होते तेही पाहावे. तोच ओला कचरा ढिगाच्या पोटात, हवेवाचून, नेमके हेच पचन करतो. फक्त त्याचा मिथेन चुलीत न जाता आकाशात जातो. शंभर वर्षांच्या मानाने हा वायू कर्बद्विप्राणीलच्या अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो. उन्हाळ्यात ढीग पेटतात ते यामुळेच, आणि त्यांचा धूर आसपासच्या गरिबांच्या झोपड्यांत शिरतो. पावसाळ्यात त्यातून काळे पाणी पाझरते. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्यात म्हण आहे. ती शेणकीच्या उकिरड्यास लागू होती, कारण त्याचे खत होत असे. केदारपुरासारख्या ढिगांची दैना बाराच काय, चोवीस वर्षांनीही फिटणार नाही. कारण त्यात खत होणारे आणि कधीच न कुजणारे आपण एका गाठीत बांधले आहे. स्थळाच्या नावात केदार आहे, हे तरी आपण आठवावे.

नदीचेही तेच. लष्करच्या वस्तीतून वाहणाऱ्या स्वर्णरेखेस आज कोणी नदी म्हणत नाही, नाला म्हणतात. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई याच नगरीत धारातीर्थी पडल्या. फुलबागेजवळ त्यांच्या समाधीस आपण दरवर्षी हार घालतो. त्याच शहरात निर्माल्याची पिशवी 'पाण्यात सोडली' म्हणून नाल्यात भिरकावली जाते. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फुले होती. प्लास्टिक, थर्माकोल आणि जरीच्या माळा नव्हत्या, आणि पाणी वाहते होते.

गेल्या वर्षी एका देवस्थानात, नाव सांगण्याचे कारण नाही, उत्सवाच्या महाप्रसादास आम्ही गेलो होतो. व्यवस्था उत्तम, वाढप प्रेमळ. पंगती उठल्यावर मागच्या बाजूस सहज गेलो. प्लास्टिक चढविलेल्या पत्रावळी, पाण्याचे प्लास्टिकचे पेले, भात, आमटी, जिलब्या हे सारे एका खड्ड्यात, आणि त्यात तीन गाई तोंड घालून उभ्या. पुढच्या अंगणात त्याच वेळी गोमातेचा जयजयकार चालला होता. आम्हीही त्याच पंगतीत, त्याच पत्रावळीवर जेवलो होतो आणि काही बोललो नव्हतो. तेव्हा हा लेख दुसऱ्यांस उद्देशून आहे असे कोणी समजू नये.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. घरी दोन भांडी असावीत आणि ओल्याच्या भांड्यास पिशवी नसावी. गोग्रास हातून किंवा पानावर द्यावा. पिशवीत कधीही नाही. प्रत्येक देवस्थानाने महाप्रसाद केळीच्या पानावर किंवा साध्या पळसाच्या पत्रावळीवर वाढावा. निर्माल्यासाठी खताचा खड्डा करावा, आणि जेथे नित्य अन्नदान आहे तेथे लहानसे गॅससंयंत्र बसवावे. पाचशे पाने उठतात तेथे पानामागे शंभर ग्रॅम जरी उरले तरी पन्नास किलो माल होतो. त्या गॅसवर सकाळचे पाणी तरी तापेल. संयंत्रास काय घालू नये हेही शिकून घ्यावे. लिंबांच्या साली व तेलकट गाळ फार झाला की टाकी आंबते. नारळाची करवंटी व सोडण तिला पचत नाही. त्यांची जागा चुलीत. आपल्या कोंकणी घरांत हे विशेष ध्यानी ठेवावे, कारण आपला अर्धा कचरा नारळाचाच! आणि वार्षिक सभेत जसा देणग्यांचा जमाखर्च वाचतात तसा याचाही वाचावा: किती कचरा आला, किती खत झाले, किती बाहेर गेला.

गोशाळेस देणगी देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य द्या. पण लाल टिपाऱ्यास पाहुणे घेऊन जाण्याच्या दिवशी, घरातून निघण्यापूर्वी, सकाळची पिशवी एकदा उघडून पाहा. तिच्यात गाईस मारील असे काही आहे का, आणि यंत्रास चालेल असे काही आपण वाया घालवीत आहोत का, एवढेच पाहा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर पाहुण्यांस अर्धा तास थांबवून ते आधी निवडा. गोशाळा कोठे जात नाही.